चोवीस भाकऱ्या आणि हिराबाईंचा वाटा

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या. चहा येईपर्यंत एका वहिनींनी सहज विचारलं, "आमच्या ह्यांच्या माघारी सातबाऱ्यावर माझं नाव आपोआप लागतंय न्हवं?" निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या नाही म्हणाल्या. खात्रीनं सांगणारी एकही नव्हती. एक आजी तर रागावल्याच. जित्या माणसाच्या मरणाचं बोलणं अशुभ, म्हणाल्या.

आजींचा राग मला कळतो. पण वहिनींचा प्रश्नही खरा आहे. हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनीही विचारला होता आणि त्यांना दर पिढीत वेगळं उत्तर मिळालं. ते उत्तर कसं बदलत गेलं, ते आज सांगणार आहे. शेवटी आपण घरी काय करायचं, तेही बोलू.

सुरुवात आपल्या मुरगूडच्या तलावापासून करू. आपण त्याला सर पिराजीराव तलाव म्हणतो. हे पिराजीराव म्हणजे कागलचे जहागीरदार बापूसाहेब घाटगे, राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे भाऊ. आता बघा, थोरला भाऊ असताना कागलची जहागीर धाकट्याकडे कशी गेली? कारण थोरला दत्तक गेला होता. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. त्यांना मूल नव्हतं. त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या यशवंतरावांना दत्तक घेतलं. तेच पुढं शाहू महाराज झाले. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघरातला वारसा संपतो, हा तेव्हाचा नियम. म्हणून कागल पिराजीरावांकडं राहिलं.

आपल्याला त्या दत्तकातून शाहू महाराज मिळाले, हे आपलं भाग्य. पण यातली दुसरी बाजूही बघा. प्रत्यक्ष राणीसाहेब मागं असताना सुद्धा गादी चालवायला मुलगाच आणावा लागला. राजवाड्यात हे, तर आपल्यासारख्यांच्या घरी काय असणार? एकत्र कुटुंबातला कर्ता गेला की त्याचा वाटा त्याच्या भावांकडं आणि मुलांकडं सरकायचा. विधवेला अन्नवस्त्र मिळायचं, तेही घरच्यांच्या मर्जीवर. मुलीचं लग्न लावून दिलं की घरच्यांच्या लेखी तिचं देणं फिटलं. ज्या रानात जन्म गेला, त्या रानात बाईचं नाव कुठंच नसे.

पहिला मोठा बदल १९३७ साली झाला. मुंबईचे डॉक्टर गोपाळराव देशमुख केंद्रीय कायदेमंडळात होते. त्यांच्या प्रयत्नानं विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा कायदा आला. पण तो वाटा हयातीपुरता होता. तिनं खायचं, वापरायचं, पण आपल्या मनानं कुणाला द्यायचं नाही. तिच्यामागं ती मिळकत पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडं जायची. शिवाय तो कायदा इंग्रजी मुलखाचा. आपण संस्थानी मुलखात. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ रोजी.

पुढचं पाऊल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. बाबासाहेबांचं आणि आपल्या भागाचं नातं जुनं आहे. १९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद झाली, तिचे अध्यक्ष ते होते आणि शाहू महाराज स्वतः तिथं आले होते. स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल लावून धरलं. त्यात मुलीला वारसा होता, विधवेला पूर्ण मालकी होती. विरोध एवढा झाला की बिल पुढं सरकेना. १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागचं एक मोठं कारण हे बिल होतं. लेकीबाळींच्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस आपल्या देशात होऊन गेला, हे आपल्या मुलींना सांगत जा.

त्या बिलाचे पुढं तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सगळ्यांना तो लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई या सगळ्यांना त्याच्या मिळकतीत सारखा वाटा. आणि बाईला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची, हयातीपुरती नाही.

पण वडिलोपार्जित मिळकतीत मेख राहिली होती. ती समजायला आपल्या शेजारच्या सांगलीला जाऊ.

२७ जून १९६० रोजी खंडाप्पा मगदूम वारले. महाराष्ट्र राज्य होऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. मागं पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. मिळकत होती दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं आणि काही जंगम मालमत्ता. मृत्युपत्र नव्हतं. १९६२ साली हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला. त्यांनी चोवीसातले सात भाग मागितले. एका विधवेनं स्वतःच्या मुलांसमोर कोर्टात उभं राहायचं, तेही साठ वर्षांपूर्वी. तिला शेजारीपाजारी काय काय बोलले असतील, ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

हा चोवीसाचा हिशेब आपण भाकरीवर करू. टोपलीत चोवीस भाकऱ्या आहेत असं धरा. खंडाप्पा जाण्याच्या क्षणी घरात वाटणी झाली असं कायदा मानतो. या वाटणीत नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार वाटे. प्रत्येकाला सहा भाकऱ्या. मुली तेव्हा या वाटणीत धरल्या जात नव्हत्या. मग खंडाप्पांच्या सहा भाकऱ्या त्यांच्या सहा वारसांत वाटायच्या : बायको, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकाला एक. म्हणजे हिराबाईंना सहा आणि एक सात. दोन्ही मुलांना सात-सात. आणि तिन्ही मुलींना एकेक.

खालच्या कोर्टानं हिराबाईंना किती दिल्या? एक. नवऱ्याच्या वाट्यातली तेवढी त्यांची, बाकी सहांवर हक्क नाही, असा अर्थ लावला. हिराबाई थांबल्या नाहीत. उच्च न्यायालयानं त्यांना सात दिल्या. मुलानं सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. २७ एप्रिल १९७८ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानं निकाल दिला. एकदा वाटणी झाली असं मानलं की ती शेवटपर्यंत मानायची, अर्ध्यात सोडायची नाही. म्हणून हिराबाईंचा वाटा चोवीसात सात. आजही देशभर वकिलीच्या वर्गात हा निकाल शिकवतात.

हिराबाई जिंकल्या. पण दावा १९६२ च्या अखेरचा आणि शेवटचा निकाल १९७८ चा. पंधरा वर्षं. घरातला एक कागद वेळेत झाला असता तर ही पंधरा वर्षं त्यांच्या हातात राहिली असती.

आणि तीन मुलींना एकेकच भाकरी मिळाली, तेही विसरू नका. मुलीही बापाचीच पोरं. त्यांचा वाटा मोठा व्हायला आणखी बराच काळ गेला. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा बदलून मुलीला जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यानं ही अट काढली. लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलासारखीच. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मोडता येत नाहीत. त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, यावर बराच वाद झाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते जरुरीचं नाही, हक्क जन्मानंच आहे.

आता हिराबाईंच्या घरात आजचा कायदा लावून बघा. बाप, आई आणि पाच मुलं असे सात वाटे. बापाचा वाटा पुन्हा सहा जणांत सारखा. सगळा हिशेब केला की आई, दोन मुलगे, तीन मुली, सगळ्यांना चार-चार भाकऱ्या. कायदा आज इथवर आला आहे.

मग अडतंय कुठं? माझ्या आत्याची गोष्ट सांगते. आजोबा गेले तेव्हा दिवसकार्य उरकल्यावर सोप्यात एक कागद पुढं आला. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. आत्याला साडीचोळी नेसवली, भावानं डोक्यावर हात ठेवला. पुढं निबंधकाच्या कचेरीत जाऊन तिनं अंगठा दिला. तिला कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. सगळ्या बहिणी असंच करत आल्या होत्या. पुढं तिचा नवरा अकाली गेला. सासरची जमीन सासऱ्यांच्याच नावावर राहिलेली. ते जाऊनही वर्षं झाली होती, पण वारस नोंदच केलेली नव्हती. आत्यानं लोकांच्या उसात भांगलण करून पोरं शिकवली. भावाला जमीन सोडल्याचा तिला कधी पस्तावा नव्हता. आपण काय सोडतोय ते कागद वाचून कुणी सांगितलं नाही, हे मात्र तिच्या मनात शेवटपर्यंत सलत राहिलं.

म्हणून सांगते, माहेर सोडायचं की धरायचं, हे प्रत्येकीनं आपलं ठरवावं. भावाला प्रेमानं दिलंत तरी मोठेपणा आहे. पण कागद आधी वाचून घ्या, समजून घ्या, घाईत अंगठा देऊ नका. नोंदलेलं हक्कसोडपत्र नंतर सहज मागं घेता येत नाही.

नवरा हयात असतानाच बायकोचं नाव लावायचं, ही गोष्टही महाराष्ट्रात गावंच्या गावं करून गेली आहेत. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. मोहीम अशी की ज्या गावातले शंभर किंवा जास्त शेतकरी आपल्या जमिनीत बायकोला वाटा लावून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरनं हे सुरुवातीलाच करून दाखवलं. कोर्ट नाही, भांडण नाही. घरात राबणाऱ्या लक्ष्मीचं देणं आहे, असं म्हणून पुरुषांनीच पुढं यायचं. १९९२ साली राज्य सरकारनंही परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज दिला तर त्याच्या जमिनीवर सहधारक म्हणून बायकोचं नाव लावता येतं. तलाठी कार्यालयात 'लक्ष्मीमुक्ती योजना' असं नाव घेऊन विचारा. घराचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला किंवा नगरपरिषदेच्या घरपट्टीला दोघांची नावं लावून घ्या. नाव असलं की तुमच्या सहीशिवाय ते रान विकताना समोरचा दहांदा विचार करतो.

आता गटातल्या वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर. नवऱ्याच्या मिळकतीत तुमचा हक्क तो जाता क्षणी तयार होतो. पण सातबाऱ्यावर नाव आपोआप लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी जोडून तलाठ्याकडं, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज द्यावा लागतो. कायद्यानं मुदत तीन महिन्यांची आहे. त्या यादीत लग्न झालेल्या मुलींचीही नावं घाला. मग फेरफार होतो, नोटीस निघते, हरकतीला वेळ दिला जातो आणि नोंद मंजूर होते. अर्जाची पोच जपून ठेवा.

हे झालं माघारी करायचं काम. हयातीतलं काम म्हणजे मृत्युपत्र. नाव ऐकूनच अंगावर काटा येतो, म्हणून आपण त्याला 'घरची चिठ्ठी' म्हणू. साध्या कागदावर होते, स्टॅम्प लागत नाही. लिहिणाऱ्यानं दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा आणि साक्षीदारांनीही त्याच्यासमोर सह्या करायच्या. ज्याला मिळकत मिळणार आहे, तो साक्षीदार नसलेला बरा. नोंदणीची सक्ती नाही, पण दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं तर पुढं वाद कमी. वय झालेलं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदललं तर चिठ्ठीही बदलता येते. मात्र स्वतःची मिळकत आणि वडिलोपार्जितातला स्वतःचा वाटा एवढंच तिच्यात लिहिता येतं, सगळ्या घराचं नाही. मुस्लिम भगिनींचा वारशाचा कायदा वेगळा आहे. त्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण ठरलेला असतो आणि वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्रानं एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही.

"बँकेत नॉमिनी लावलाय, आता कशाला चिठ्ठी?" असंही कुणी म्हणेल. ज्यांचं कॅलेंडर आपल्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असतं, त्या 'कालनिर्णय'च्या जयंतराव साळगावकरांच्या गुंतवणुकीबाबत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं. काही गुंतवणुकीला नॉमिनीही होते. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयानं सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही. तो पैसे स्वीकारतो, सांभाळतो. खरी मालकी मृत्युपत्राप्रमाणं किंवा वारसा कायद्याप्रमाणं ठरते. म्हणजे नॉमिनीही लावा आणि चिठ्ठीही लिहा.

आणि ही चिठ्ठी फक्त कारभाऱ्यांनी लिहायची असं नाही. उत्तरेकडच्या नारायणीची गोष्ट ऐका. १९५५ साली तिचं लग्न झालं. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी हाकलून दिलं. आईबापांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पैसा साठवला. १९९६ साली ती वारली, मृत्युपत्र न करता. माहेरच्यांनी हक्क सांगितला, सासरच्यांनीही सांगितला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं पैसा सासरच्यांना दिला. कारण कायदाच तसा आहे. मूल नसलेल्या विधवेची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडं जाते. तिनं एका कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या तर तिचा पैसा तिला सांभाळणाऱ्यांना मिळाला असता. आपल्याकडंही गटाची बचत आहे, म्हैस आहे, पोस्टातली ठेव आहे, अंगावरचं सोनं आहे. ते कुणाला द्यायचं, हे आपणच सांगून ठेवलं पाहिजे.

तर पुढच्या बैठकीला एक काम करून या. शाळेच्या वहीचं एक पान घ्या. नवरा-बायकोनं मिळून बसा. एका बाजूला लिहा : सातबारा आणि आठ-अ वर कुणाचं नाव आहे, घर कुणाच्या नावावर आहे, कारखान्याचा शेअर, दूध संस्थेचं खातं, ठेवी, विमा, सोनं. दुसऱ्या बाजूला लिहा : सोसायटीचं कर्ज, गटाचं कर्ज, कुणाचं हातउसनं. आजोबांच्या, सासऱ्यांच्या नावावर अजून काही राहिलं असेल तर त्याला खूण करा. आधी त्याची वारस नोंद करा. काही अडलं तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. बायकांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

रागावलेल्या त्या आजींच्या घरी मी परवा जाऊन आले. हिराबाईंच्या चोवीस भाकऱ्यांची गोष्ट त्यांना सांगितली. बराच वेळ गप्प बसल्या. मग उठून ट्रंक उघडली आणि एक पिवळा पडलेला सातबारा माझ्या हातात दिला. "वाच, कुणाचं नाव हाय बघ," म्हणाल्या. आजींच्या सासऱ्यांचं नाव होतं. येत्या सोमवारी आम्ही दोघी वारस नोंदीचा अर्ज घेऊन निघालोय. तुमच्या घरातली ट्रंक तुम्ही उघडून बघा.